ट्रॉली ओढायची आणि रोज भोसरीही गाठायची: डिझेल, पेट्रोल की सीएनजी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर धायरीत, शेड भोसरी एमआयडीसीत, धंदा ट्रॉलीवरचे कॉम्प्रेसर आणि जनरेटर भाड्याने देण्याचा. ट्रॉली साइटवर पोचवायला आजवर ट्रॅक्टर किंवा भाड्याची पिकअप बोलवत होतात, ती वेळेवर येत नाही. म्हणून आता स्वतःची गाडी घ्यायची आहे. तिने महिन्यातून चार-पाच वेळा दीड टनाची ट्रॉली चाकण, सासवड, शिरवळपर्यंत ओढावी आणि बाकीचे दिवस तुमचं रोजचं येणं-जाणं करावं. शोरूमवाला टर्बो पेट्रोल घ्या म्हणतोय, तुमचा ड्रायव्हर डिझेलशिवाय ऐकत नाही आणि मेव्हण्यांनी मध्येच सीएनजीचं पिल्लू सोडलंय.

माझं गॅरेज नऱ्ह्यात आहे. निम्म्याहून जास्त काम डिझेलचं, त्यातही पंप-नोझलचं, त्यामुळे तुमच्या प्रश्नातल्या तिन्ही जातीच्या गाड्या रोज लिफ्टवर चढतात. उत्तर आधी देतो: तुम्ही डिझेलच घ्या, जमलं तर ऑटोमॅटिक. पण ‘लोडला डिझेलच लागतं’ हे त्याचं कारण नाही. आणि गाडी बुक करण्याआधी थोडे पैसे ट्रॉलीच्या ब्रेकवर खर्च करा. त्याबद्दल पुढे लिहितो.

आधी ताकदीचा गैरसमज काढून टाकू. स्कॉर्पिओ-एनचं उदाहरण घ्या, तुमच्या यादीत ती आहेच. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या वरच्या मॉडेलांत तिच्या २.२ लिटर डिझेलचा टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, ३७० न्यूटन-मीटर आणि २ लिटर टर्बो पेट्रोलचाही ३७०. डिझेल तो १५०० आरपीएमपासून देतं, पेट्रोल १७५० पासून. वीस वर्षांपूर्वीचं साधं पेट्रोल इंजिन चढावर लोड घेऊन रडायचं, ते दिवस गेले. टर्बो पेट्रोल तुमची ट्रॉली खंबाटकी घाटात आरामात चढवेल. ड्रायव्हरला हे पटणार नाही, त्याला एकदा टेस्ट ड्राइव्हला बसवा.

खरा फरक आहे तो टाकीत. डिझेलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते, शिवाय जास्त कॉम्प्रेशनमुळे इंजिन तिचा वापरही चांगला करतं. त्यात आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा, म्हणजे तिथेही सहा-सात टक्के गेले. आणि सगळ्यात मोठी गोष्ट अशी, की टर्बो पेट्रोल इंजिन बराच वेळ पूर्ण लोडवर राहिलं की एक्झॉस्ट इतका तापतो की टर्बो आणि धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मुद्दाम जास्तीचं पेट्रोल सोडतो. ते पेट्रोल गाडी ओढायला नाही, थंड करायला जळतं. एरवी दहाचं अॅव्हरेज देणारी पेट्रोल गाडी ट्रॉली लावून घाटात पाच-साडेपाचवर येते ती यामुळे. डिझेलचंही कमी होतं, पण तेराचं साडेआठ-नऊ होतं. एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचे अॅव्हरेजचे आकडे यात कामाचे नाहीत. ती चाचणी वेताळ टेकडीच्या कुशीतल्या लॅबमध्ये ठरलेल्या सायकलवर होते, मागे ट्रॉली लावून नव्हे.

आता तुमच्याच रनिंगचा हिशोब मांडू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये धरतो, आजचा भाव घालून तुम्ही परत करा. धायरी-भोसरी जाऊन-येऊन साठ किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे वर्षाला १८,००० किलोमीटर. ट्रॉलीसकट वर्षाला ४,००० धरू. बिनलोडचं पेट्रोल दहाच्या अॅव्हरेजने किलोमीटरला १० रुपये ४० पैसे, डिझेल तेराच्या अॅव्हरेजने ७ रुपये. इथे वर्षाला ६१,००० च्या आसपास वाचले. ट्रॉलीसकट पेट्रोल किलोमीटरला १९ च्या घरात, डिझेल पावणेअकरा. तिथे आणखी ३३,०००. एकूण ९४,००० झाले. यातून डिझेलचा जास्तीचा मेंटेनन्स वर्षाला वीस हजार वजा करा. फिल्टर, धूर साफ करायला लागणारा युरिया आणि पुढेमागे येणारं इंजेक्टरचं काम यात धरलं आहे. उरतात ७४,०००. खरेदीच्या वेळी डिझेल समजा लाखभराने महाग. महाराष्ट्रात खासगी गाडीला दहा ते वीस लाखांच्या गटात पेट्रोलवर १२ टक्के रोड टॅक्स आणि डिझेलवर १४, म्हणजे सोळा लाखांच्या गाडीला ३२,००० जास्त. दोन वर्षांच्या आत हे पैसे वसूल होतात.

हाच हिशोब माझ्या एका कोथरूडच्या गिऱ्हाइकाला लावला तर उलटा निघतो. घर ते दुकान पाच किलोमीटर, वर्षाला जेमतेम सहा हजार, आणि सुट्टीत कधीतरी छोटी ट्रॉली. त्यांचे इंधनात वर्षाला पंचवीस हजार वाचतील आणि तेवढेच डिझेलच्या देखभालीत जातील. त्यांना मी पेट्रोल घ्यायला लावलं. पण तिथे पैशापेक्षा मोठं कारण होतं ते डीपीएफ. तुमचाही निर्णय खरं म्हणजे त्याच्यावर ठरतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी धरणारी जाळी आली, ती डीपीएफ. काजळी साठली की गाडी ती स्वतः जाळते, त्याला रिजनरेशन म्हणतात. त्यासाठी जाळीत सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. ते मिळवायला ईसीयू जास्तीचं डिझेल सोडतो आणि गाडी पन्नास-साठच्या वर एका लयीत पंधरा-वीस मिनिटं चालावी लागते. सिंहगड रोडवर संध्याकाळी ही पंधरा मिनिटं कुठून आणणार? गाडी राजाराम पुलापाशी जळण सुरू करते, तुम्ही पाच मिनिटांत घरी पोचून चावी काढता, काम अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही महिन्यांत डॅशबोर्डवर दिवा लागतो, मग गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे स्वतःच ताकद कमी करते, मग टो होऊन आमच्याकडे येते. स्कॅनर लावून जबरदस्तीने रिजन करता येतं, पण ते दर दोन-तीन महिन्यांनी करावं लागत असेल तर गाडीची निवड चुकली आहे असं समजा. जाळीच बदलावी लागली तर बिल लाखाच्या दिशेने जातं.

अर्धवट रिजनचा दुसरा त्रास ऑइलमध्ये दिसतो. जळायला सोडलेलं डिझेल सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइल पॅनमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून पाहिलीत तर पातळी कमी व्हायच्या ऐवजी वरच्या खुणेच्याही वर चढलेली. बोटावर घेतलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि वास सरळ डिझेलचा. लोक खूश होतात, ‘साहेब, माझी गाडी ऑइल अजिबात खात नाही!’ अशा वेळी किलोमीटर पूर्ण व्हायची वाट न बघता ऑइल बदलायचं, नाहीतर टर्बोचं बेअरिंग जातं.

तुमचा रस्ता मात्र डिझेलच्या सोयीचा आहे. नवले पुलावरून बायपासला लागलात की वारजे, चांदणी चौक, बाणेर, वाकड. गर्दी असतेच, सकाळी नऊला तर भुमकर चौकात देवच आठवतो, पण लवकर निघालात किंवा रात्री उशिरा परतलात तर अर्धा तास सलग सत्तरने चालवता येते. आठवड्यातून एक-दोनदा एवढं मिळालं की डीपीएफ साफ राहतं. आणि ट्रॉलीचे दिवस तर त्याच्या फायद्याचेच, कारण लोडवर एक्झॉस्ट तापतो आणि काजळी आपोआप जळत राहते. जाळी भरते ती रिकाम्या गाडीच्या छोट्या फेऱ्यांनी. एक सवय तेवढी लावून घ्या. गाडी थांबवताना आयडल, म्हणजे उभ्या गाडीचे आरपीएम, नेहमीपेक्षा वर दिसला, पंखा जोरात फिरत असला, खालून गरम लोखंडासारखा वास आला तर रिजन चालू आहे. चावी काढू नका, एक चक्कर मारून या.

गाडीत युरियाची, म्हणजे डीईएफची टाकी असेल तर सीलबंद कॅन घ्या आणि उन्हात साठवू नका. टाकी कोरडी पडली की गाडी चालू व्हायलाच नकार देते. टाकीत पाणी घालून वेळ मारून नेणारे महाभाग आमच्याकडे येतात, त्यांचं नंतरचं बिल बघण्यासारखं असतं.

सीएनजीचं लवकर आटोपतो. मार्केट यार्डातून भाजी उचलून सपाटीवर वीस-तीस किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या छोट्या पिकअपला सीएनजीसारखं स्वस्त काही नाही, हे मी स्वतः लोकांना सांगतो. पण या छोट्या इंजिनांना टर्बो नसतो. गॅस आत जाताना हवेची जागा खातो, त्यामुळे दहा-पंधरा टक्के ताकद तिथेच जाते. दोनशे बारच्या दाबाच्या टाक्यांचं वजन वेगळं, दर तीन वर्षांनी त्यांची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, आणि पंपावरची रांग आहेच. दीड टनाची ट्रॉली लावून दिवे घाटात अशी गाडी नेलीत तर मागचे सगळे तुमचा उद्धार करतील. मेव्हण्यांना त्यांच्या कारसाठी सीएनजी लखलाभ.

आता ब्रेक. कॉम्प्रेसरच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा चालता ब्रेक नसतो, नुसता पार्किंगचा लिव्हर असतो. म्हणजे थांबताना गाडीचे ब्रेक गाडीलाही थांबवतात आणि मागून ढकलणाऱ्या दीड टनालाही. शिरवळहून परत येताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत जो उतार लागतो, त्याची ख्याती तुम्हाला सांगायला नको, तुम्ही धायरीचेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका अवजड गाडीने चाळीसहून जास्त वाहनांना उडवलं होतं. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाड्या आजही तिथून खाली येताना दिसतात.

आणि इथे ड्रायव्हर मंडळींचा एक लाडका समज खोडायला हवा: ‘डिझेलचं इंजिन ब्रेकिंग भारी’. तसं ते नसतं. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की थ्रॉटल बंद होतो, इंजिनाला हवा ओढायला झगडावं लागतं, तोच ब्रेक. डिझेलला तसा थ्रॉटल नाही. दाबलेली हवा स्प्रिंगसारखी परत ढकलते, त्यामुळे नुसत्या जास्त कॉम्प्रेशनने गाडी आवळली जात नाही. मोठ्या ट्रकना वेगळा एक्झॉस्ट ब्रेक देतात तो उगीच नाही. म्हणून बोगद्याच्या आतच तिसरा गिअर पाडा, वेग चाळीसच्या खाली आणा आणि ब्रेक सतत घासत ठेवू नका. ठामपणे दाबायचा, वेग उतरवायचा, पूर्ण सोडायचा. ऑटोमॅटिक असेल तर मॅन्युअल मोडमध्ये गिअर धरून ठेवा.

ट्रॉलीला ओव्हररन ब्रेक बसवून घ्या. गाडी थांबायला लागली की ट्रॉली पुढे सरकते, दांडा दाबला जातो आणि त्याच दाबाने ट्रॉलीच्या चाकांचे ब्रेक लागतात. भोसरीत असं काम करणारे फॅब्रिकेटर सापडतील, फक्त एक्सलला ब्रेक ड्रम आहेत ना ते आधी बघा. दुसरं, दांड्याच्या टोकाचा डोळा. त्यात बोट फिरवून बघा. गोल भोक झिजून अंडाकृती झालेलं असेल आणि पिनेला खड्डा पडला असेल तर प्रत्येक ब्रेकला मागून हातोडा बसल्यासारखा दणका येतो, आणि एक दिवस पिन तुटते. दोन्ही नवीन करा, पिनेला खालून क्लिप आणि शेजारून सेफ्टी चेन. तिसरं, दांड्यावरचं वजन. दीड टनाच्या ट्रॉलीचा दांडा गाडीवर साधारण शंभर ते दीडशे किलोने टेकला पाहिजे. भंगारवाल्याच्या काट्यावर दांड्याचं टोक ठेवून हे कळतं. यापेक्षा बरंच हलकं भरलं तर साठच्या पुढे ट्रॉली शेपटी हलवायला लागते. तसं झालंच तर ब्रेक मारायचा नाही. स्टिअरिंग सरळ धरून अॅक्सिलरेटर सोडायचा.

ऑटोमॅटिक म्हटलं ते शेडमधल्या रिव्हर्ससाठी. ट्रॉली लावून अरुंद गल्लीत मागे घेताना मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर पाच-सात मिनिटं जातात आणि क्लच प्लेट जळण्याचा वास चौकापर्यंत जातो. अशा गाड्यांचे क्लच चाळीस हजारांत संपलेले पाहिले आहेत. टॉर्क कन्व्हर्टरवाला ऑटोमॅटिक, ज्यात क्लच प्लेटऐवजी तेलातून ताकद पोचते, हे सहन करतो.

एसयूव्ही की डबल कॅब पिकअप, हे तुम्ही विचारलं नाही पण विचारायला हवं होतं. टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉस या पिकअपची चेसिस आणि मागचे पाटे या कामाला जास्त योग्य, आणि हत्यारं, होज पाइप हौद्यात टाकता येतात. पण हायलक्स ५३२५ मिलिमीटर लांब आहे. सोसायटीच्या पाच मीटरच्या पार्किंगमध्ये तिचं तोंड बाहेर राहणार आणि सेक्रेटरीची नोटीस येणार. दुसरा मुद्दा तुमच्या सीएला विचारा: प्रवासी वर्गातल्या गाडीच्या जीएसटीचं इनपुट क्रेडिट तुमच्या धंद्यात मिळत नाही, मालवाहू गाडीचं मिळतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. साधी डिझेल पिकअप मालवाहू म्हणून घेतलीत तर हा आकडा डिझेल-पेट्रोलच्या फरकापेक्षा मोठा निघू शकतो. मग रोजच्या बसण्यात जरा हाडं खिळखिळी होतील, ती गोष्ट वेगळी.

खरं तर तुमच्यासारख्या दोघा-तिघांनी माझ्या सांगण्यावरून तिसरा मार्ग धरला. ट्रॉलीसाठी जुनी बीएस-४ डिझेल पिकअप, २०१८-१९ ची, आणि रोज फिरायला छोटी सीएनजी कार. त्या काळातल्या बहुतेक पिकअपना डीपीएफ नाही, युरिया नाही, रस्त्यावरचा कुठलाही मिस्त्री हात घालू शकतो. दिल्लीतला दहा वर्षांचा डिझेलचा नियम महाराष्ट्रात नाही. मात्र फिटनेस, पर्यावरण कर आणि पीयूसी चोख ठेवावं लागतं. धायरीत दोन गाड्या लावायला जागा असेल तरच याचा विचार करा.

कागदांचं शेवटी. मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणजे ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा बघावा लागतो. तुमचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं, लायसन्स ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीलाही चालतं, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलं. पण पांढऱ्या पाटीच्या गाडीने भाड्याच्या मशीनची ट्रॉली ओढायची तर मोशीच्या किंवा संगम पुलाच्या आरटीओत लेखी विचारून घ्या, एजंटच्या ‘होऊन जाईल’वर जाऊ नका. विमा कंपनीलाही टो हुक आणि ट्रॉली लेखी कळवा.

आणि बुकिंगची पावती फाडण्याआधी शोरूममध्ये ओनर्स मॅन्युअल मागा. त्यात टोइंगचं पान काढा. काही कंपन्या ब्रेकसह आणि बिनब्रेकच्या ट्रॉलीचं वजन वेगवेगळं देतात, काही सरळ ‘ट्रेलर ओढू नये’ असं छापतात. तुमच्या पसंतीच्या मॉडेलात दुसरं वाक्य असेल तर सेल्समन काहीही म्हणो, क्लच किंवा गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारायला कंपनीला ते पुरेसं आहे. त्या पानाचा फोटो मला पाठवा, हुक कुठला आणि चेसिसला कुठे बोल्ट करायचा ते बघून सांगतो.